रेडिएटरमधलं खाडीचं पाणी

मी एक जुनी मोटार आहे, मित्रांनो. खांब गावात हिरामण मिस्त्रींच्या गॅरेजशेजारी, फणसाखाली माझं बिऱ्हाड आहे. रंग कधीच विटला. पण म्हातारी म्हणून हिणवू नका, पहिल्या नाही तरी दुसऱ्या किल्लीला मी अजून सुरू होते!

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवण सुरू होते ती अष्टमी गावच्या निसीमकाकांच्या अंगणापासून. निसीमकाका आणि त्यांच्या पत्नी सिपोराबाई कोकणातले ज्यू. शनिवार हा त्यांच्या धर्मात विश्रांतीचा वार, म्हणून त्या दिवशी त्यांच्या घरी चूल पेटत नसे आणि मलाही कोणी हात लावत नसे. इतर गाड्या राबत असायच्या, मी आपली ऐटीत ऊन खात बसायची.

सिपोराबाई नर्स होत्या, नेमणूक पेणच्या खाडीपट्ट्यात. मिठागरावर काम करणारी सीताबाई एकदा बाळंतपणात अडली. तिला पेणला नेताना तिचा कान्हू माझ्या मागच्या सीटवरच जन्मला. तेव्हापासून दोघी सख्ख्या बहिणींसारख्या झाल्या. मला तर वाटे, कान्हू थोडा माझाही आहे.

त्र्याण्णव साली मुलांनी काका-काकूंना कायमचं इस्रायलला बोलावलं. ते सांगायला आम्ही मे महिन्यात धरमतरजवळच्या सीताबाईच्या गावी गेलो. परतताना गावालगतच्या खाडीच्या बांधावरच माझं पाणी उकळलं. सीताबाई डोक्यावरची कळशी घेऊन धावत आली. त्या गावात गोडं पाणी मैलभर लांबून आणावं लागे.

"हे घ्या भाऊ, वता गाडीत," ती म्हणाली.

"नको गो! तुझं पिण्याचं पाणी गाडीला? मला नाही जमायचं," काका म्हणाले. इंजिन निवल्यावर त्यांनी खाडीतून डबा भरून आणला आणि माझ्यात ओतला. सीताबाईने कळशी खाली ठेवली.

काका मनाने फार चांगले हो. पण त्या चांगुलपणाने माझं वाटोळं केलं. आज काढू, उद्या काढू म्हणता म्हणता ते पाणी माझ्या पोटात तसंच राहिलं. जायला आठ दिवस उरले असताना मागून पांढरा धूर निघाला आणि ऑइल दुधाच्या चहासारखं झालं. विमानतळावर जाता जाता सीताबाईला शेवटचं भेटायचं ठरलं होतं. भाड्याची जीप विमानतळावर न्यायला तयार होती, बांधावर उतरायला नव्हती. म्हणजे सीताबाईची शेवटची भेट माझ्यावर येऊन ठेपली. मला लाजेने मेल्यासारखं झालं.

हिरामण मिस्त्रींनी रेडिएटरमधल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. "काका, खाडीचं पाणी घातलंव ना? मिठानं हेड खाल्लंय. गॅस्केट गेली."

काकांनी मान खाली घातली. मिस्त्रींनी माझं हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवलं, घासून सपाट करून आणलं, मध्ये पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणारी नवी पातळ गॅस्केट बसवली आणि मधल्या बोल्टपासून सुरुवात करून बाहेरपर्यंत, थोडं थोडं करत सगळे आवळले. मग काकांनी हौसेने जोडलेल्या जादा नळ्या आणि इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारा गंजलेला थर्मोस्टॅटही काढून टाकला. "इथं कुठं बर्फ पडतो? जेवढं कमी, तेवढी कटकट कमी," ते म्हणाले. खरं सांगते, मला उपवास केल्यासारखं हलकं वाटलं.

शुक्रवारी काम संपलं. शनिवारी माझी सुट्टी. रविवारी सकाळी मिस्त्रीच गाडी चालवायला बसले, कारण विमानतळावरून मला परत आणायचं होतं. नागोठणं गेलं, वडखळचा नाका आला. काकांची नजर सारखी तापमानाच्या काट्यावर होती. काटा मधोमध होता!

बांधावर पोचलो. मिस्त्री म्हणाले, "नवी गॅस्केट हाय, पाणी बघून घेऊ. पर गाडी थंड झाल्याबिगर रेडिएटरचं झाकण उघडायचं नाय." मग मी अगदी सावकाश थंड झाले, मित्रांनो. दोघी मैत्रिणी तासभर सीताबाईच्या ओट्यावर हातात हात घेऊन बसल्या होत्या.

झाकण उघडलं, तेव्हा सीताबाई कळशी घेऊन उभीच होती.

"भाऊ, त्या दिशी तुमी मला परकी केलीत. आज नाय म्हनू नका."

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. "चुकलं गो माझं. घाल तुझ्या हाताने."

तिने स्वतः ओतलं. अर्धी कळशी मला लागली. उरलेलं पाणी काका ओंजळीने प्याले.

काका-काकू परत आले नाहीत. मला त्यांनी मिस्त्रींच्या हवाली केलं. मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल तर तिला खारं पाणी घालू नका आणि तिचं दुखणं उद्यावर ढकलू नका. आणि कोणी आपली कळशी पुढे केली, तर संकोचाने तिला परत पाठवू नका. मिस्त्री मला दर मे महिन्यात बांधावर नेतात. पाणी लागो न लागो, सीताबाई कळशी घेऊन येते, आणि मिस्त्री मुकाट्याने माझं झाकण उघडतात.