नेलपॉलिशची रेघ

पिकअप दारात येऊन उभी राहिली तेव्हा पन्नाशी उलटलेली मी अंगणात चक्क नाचले. निळी गाडी, मागचा दरवाजा एका कोपऱ्यात चेपलेला, मीटरवर दोन लाख शहाऐंशी हजार किलोमीटर. माझा नवरा शाळेत भूगोल शिकवतो. मीटर वाचून तो म्हणाला, "एवढ्यात पृथ्वीला सात फेऱ्या होतात."

"मग आठवी मी मारते," मी म्हटलं आणि किल्ली त्याच्या नाकासमोर वाजवून दाखवली.

माझा धंदा मधमाश्यांचा. फळबागा फुलल्या की माझ्या पेट्या तिथे नेऊन ठेवायच्या, म्हणजे माश्या फुलाफुलांवर फिरतात आणि झाडं फळ धरतात. गेल्या वर्षी पेट्या भाड्याच्या टेम्पोने नेल्या. वाटेत रेडिएटरचा पाइप फुटला आणि भर उन्हात आम्ही तीन तास उभे. बंद पेटीत माश्या उकडून मरतात, आणि गाडी थांबली की वारा थांबतो. अकरा पेट्या गेल्या. दारं उघडली तर आत नुसते ओले ढीग. रस्त्याच्या कडेला बसून मी हमसून हमसून रडले आणि कानाला खडा लावला, की आता गाडी आपली असेल आणि वाटेत थांबणार नाही.

यंदाची बाग आठ दिवसांवर आली होती. पेट्या छत्तीस.

माझी नणंद बसडेपोत मेकॅनिक आहे. ती आली, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "आधीच्या मालकाने काय काय बदललंय?"

"सगळं केलंय म्हणाला."

"पावत्या?"

"त्या नाहीत."

"मग काहीच केलेलं नाही असं धरायचं, वहिनी."

माझ्या नाकावर राग असतोच. म्हटलं, "वन्सं, गाडी चालतेय की झकास." चिडले की मी तिला वन्सं म्हणते. तिला ते आवडत नाही, म्हणूनच.

ती गाडीखाली गेलीसुद्धा. तिथून तिचा आवाज आला, "बंद पडायच्या आधी सगळ्याच गाड्या चालत असतात."

पुढचे सात दिवस आमच्या अंगणाचं गॅरेज झालं, आणि खरं सांगते, इतकी मजा मला माझ्या लग्नातही आली नव्हती. इंजिनातलं ऑइल काढलं तर डांबरासारखं काळं. गिअरच्या ऑइलचंही तेच. रेडिएटरचे पाइप तिने एकेक दाबून पाहिले आणि चांगले होते तेही काढून टाकले. टायमिंग बेल्ट उलटा वाकवून माझ्या हातात दिला. आतून बारीक चिरा गेल्या होत्या. "हा तुटला की इंजिनच संपतं," ती म्हणाली. माझ्या अंगावर काटा आला आणि त्याच वेळी असं वाटलं, की चोर चोरी करण्याआधीच पकडला. मग मला चटकच लागली. सकाळी नवऱ्याला चहा देण्याऐवजी मी बॅटरीचे पॉइंट घासत बसे. तो बिचारा गुपचूप आपला आपण करून घेई.

काम झालं की नणंद एक गोष्ट न चुकता करायची. नट घट्ट आवळला, की नटापासून शेजारच्या पत्र्यापर्यंत एक लाल रेघ ओढायची. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. डेपोत त्यासाठी पिवळा रंग असतो. इथे तिने नेलपॉलिश वापरलं. तिच्या वाढदिवसाला मीच दिलेली बाटली, दोन वर्षं तशीच सीलबंद.

"नखांना लावायला दिली होती गं."

"माझ्या नखांचा अवतार बघ आणि मग बोल."

निघायच्या आदल्या संध्याकाळी ब्रेक झाले. तीन चाकं बसवून तिने रेघा ओढल्या. चौथं, मागचं डावं, हाताने बसवलं तेवढ्यात डेपोतून फोन आला, बस अडकली होती. निघताना म्हणाली, "जॅक खाली घे, पाना मारून नट आवळ, मग रेघ. आणि उद्या पन्नास किलोमीटरला थांबून सगळ्या रेघा बघायच्या."

"भरलेली गाडी उभी करू? तू वेडी आहेस का?"

"पाच मिनिटं, वहिनी."

पहाटे चारला मी निघाले. छत्तीस पेट्या, दारांना जाळ्या, आणि शेजारी रिकामी सीट, कारण नणंदेची ड्यूटी होती. इंजिन असं गात होतं की मीही सूर लावला. रस्ता मोकळा, खिडकीतून गार वारा, मागून माश्यांची गुणगुण. आपली गाडी, आपण चालवतोय, या एका गोष्टीने ऊर भरून आला होता.

पन्नास झाले. थांबायचं माझ्या जिवावर आलं. चार किलोमीटर तशीच पुढे गेले आणि स्वतःशीच भांडले. शेवटी तिच्या नावाने बोटं मोडत गाडी कडेला घेतली.

पुढची दोन चाकं ठीक. मागचं उजवं ठीक. डाव्या चाकाशी वाकले आणि पायाखालची जमीन सरकली. पाच रेघांपैकी चार तुटल्या होत्या. एक नट तर बोटांनी फिरत होता.

मग आठवलं. चाक जॅकवर उंच असताना रंगवायला सोपं, म्हणून मी रेघा आधीच ओढल्या होत्या. जॅक उतरवला, तेवढ्यात माश्या परतायची वेळ झाली, मी पेट्यांची दारं लावायला धावले. नंतर चाकाकडे पाहिलं तर लाल रेघा. म्हणजे झालंच की काम.

मागे गुणगुण चढायला लागली होती, आणि तो आवाज मला चांगला कळतो. पाना लावला, समोरासमोरचे नट धरत, पान्यावर उभी राहून एकेक आवळला. जाळ्यांवर पाणी मारलं. जुन्या रेघा नखांनी खरवडल्या, नव्या ओढल्या. पाच नव्हे, बारा मिनिटं गेली.

बागेत पोचले तेव्हा ऊन नुकतं फांद्यांवर आलं होतं. पहिली जाळी काढताना श्वास रोखून धरला. माश्या दारात आल्या, जरा घुटमळल्या आणि फुलांकडे सुटल्या. छत्तीसच्या छत्तीस. मी झाडाखाली बसून रडले. यंदाचं रडणं वेगळं होतं.

मग नणंदेला फोन लावला. लपवावं असं क्षणभर वाटलं. पण सगळं सांगितलं.

"ती रेघ म्हणजे माझी सही असते, वहिनी. न आवळता तू माझी सही केलीस."

"हो. चुकलं माझं. बाटली परत देते तुला."

"पन्नासला थांबलीस?"

"चोपन्नला."

"चिडलेली असताना?"

"तुला शिव्या देत."

ती हसली. मग म्हणाली, "बाटली गाडीतच ठेव. आणि येतानाही थांब."