हक्कसोडीची साडी

माझा भाऊ श्रीधर बोलायला उभा राहिला की समोरच्याला वाटतं, आपण आयुष्यभर जरा मूर्खच होतो. तो कर सल्लागार आहे. तीस वर्षं लोकांची विवरणपत्रं भरतोय. ‘सरकार’ हा शब्द तो ‘ढेकूण’ म्हटल्यासारखा उच्चारतो.

शनिवारी आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात त्याचं भाषण होतं. विषय: ‘वारसा कर हवा की नको?’ टीव्हीवर त्यावरून भांडणं झाल्यापासून संघातल्या लोकांची झोप उडाली होती. ज्यांच्याकडे मागे ठेवायला दोन कपाटं आणि एक दिवाण आहे, तेसुद्धा घाबरले होते. मी दुसऱ्या रांगेत बसले होते, वक्त्याची सख्खी मोठी बहीण म्हणून.

“पंच्याऐंशी साली आपल्याकडचा वारसा कर, ती इस्टेट ड्यूटी, गेली ती बरी गेली,” श्रीधर म्हणाला. “बापानं घाम गाळून काही मागे ठेवलं. हयातीत त्यावर कर भरला. आता तो गेल्यावर सरकारनं पुन्हा हात पसरायचा? बापानं मुलांसाठी ठेवलेल्यातला एक टक्कासुद्धा कुणाला देणार नाही. ही सरळ लूट आहे.”

बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ उठले. “आणि ज्यांच्या बापानं काहीच ठेवलं नाही, त्यांचं काय? मोठ्या इस्टेटींवर थोडा कर बसवला, त्यातून शाळा-दवाखाने चालवले, तर बिघडलं कुठं? आयतं मिळालेल्यातलंच जाणार ना?”

“सुरुवात आपल्या इस्टेटीपासून करू या,” श्रीधर म्हणाला. “आम्ही टाळ्या वाजवतो.”

सभागृह हसलं. मीही हसले, टाळ्याही वाजवल्या. वाजवता वाजवता सोमवार आठवला. सोमवारी सकाळी मला धायरीच्या जागेवरचा माझा अर्धा हक्क सोडायचा होता.

पुण्याबाहेर धायरीचे हे पाच गुंठे बाबांनी घेतले, तेव्हा कसब्यातले लोक विचारायचे, “तिकडे राहायला जाणार की गुरं चारायला?” बाबा म्हणायचे, “दोघा पोरांना पुरेल.” आता तिथं चहूबाजूंनी इमारती आहेत आणि बिल्डर श्रीधरच्या दाराशी चपला झिजवतो. बाबा जाऊन आठ वर्षं झाली. जानेवारीत आईही गेली. सातबारावर आम्हा दोघांची नावं लागली आणि महिन्याभरात श्रीधर म्हणाला, “ताई, तेवढं हक्कसोडपत्र करून टाकू.”

‘करशील का’ असं तो म्हणाला नाही. आमच्याकडे ते विचारायची पद्धतच नाही. आत्यांनी हक्क सोडला, आईनं तिच्या माहेरी सोडला. भावानं साडी द्यायची, बहिणीनं सही करायची, आणि मग माहेर कायमचं उघडं. जी बहीण हिस्सा मागते तिच्याबद्दल आमच्यात हळू आवाजात बोलतात, एखाद्या साथीच्या रोगाबद्दल बोलावं तसं. मीही बोललेली आहे.

पण तेव्हा माझ्या डोक्यावर छप्पर होतं. मी कसबा पेठेत दोन भाड्याच्या खोल्यांत राहते. हे जाऊन नऊ वर्षं झाली, मूलबाळ नाही. अठ्ठावीस वर्षं एका खासगी बालवाडीत शिकवलं, तिथं निवृत्तीला शाल-श्रीफळ मिळतं, पेन्शन नाही. इमारत पाडणार आहेत. मालकानं सांगितलंय, दिवाळीपर्यंत खोल्या रिकाम्या करा. श्रीधरला मी हे सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, “तुला वाऱ्यावर सोडीन का? आमच्याकडे येऊन राहा.” त्याची बायको सत्यशीला आत गेली आणि आतून भांड्यांचा आवाज जरा जास्तच आला. तिचं चुकलं असं मी म्हणत नाही. आईच्या आजारपणात महिनाभर मी त्यांच्याकडे होते, तेव्हा पंखा लावतानासुद्धा मी विचारत होते. चौसष्टाव्या वर्षी पंख्याची परवानगी. मला त्याची भयंकर भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त भीती भाऊ तुटण्याची वाटत होती. म्हणून मी ‘हो’ म्हटलं होतं.

सोमवारी नोंदणी कार्यालयात आम्ही तिघं आणि श्रीधरचे दोन साक्षीदार मित्र. सत्यशीलाच्या हातात कापडी पिशवी होती. ती तिनं माझ्या मांडीवर ठेवली. “तुमची साडी, ताई,” ती म्हणाली आणि लगेच दुसरीकडे बघायला लागली.

आमचा नंबर आला. कॉम्प्युटरवर एक मुलगी होती, गळ्यातल्या ओळखपत्रावर पूर्णिमा नाव लिहिलेलं. तिनं कागद वाचले, परत वाचले.

“काका, हे तुम्ही केदार श्रीधर यांच्या नावे लिहिलंय. केदार कोण?”

“माझा मुलगा,” श्रीधर म्हणाला. “पुढेमागे त्याच्याच नावावर करायचं आहे. उगाच दोनदा कागद कशाला?”

“पण सातबारावर त्यांचं नाव नाही ना. काकू भावासाठी हक्क सोडू शकतात. भाच्याच्या नावे केलं तर ते बक्षीसपत्र होतं. त्याला पूर्ण स्टॅम्प ड्यूटी लागते, बाजारभावावर. वकिलांनी सांगितलं नाही का?”

वकील नव्हताच. वकिलाला कशाला पैसे द्यायचे म्हणून श्रीधरनं ओळखीतल्या कुणाचं तरी हक्कसोडपत्र आणून, नावं बदलून, स्वतःच मसुदा केला होता. एका दगडात दोन पक्षी मारायला गेला आणि दगड स्वतःच्या पायावर पडला.

“पूर्ण म्हणजे?” त्याचा आवाज चढला.

“सहा-सात टक्के धरा.”

“सात टक्के!” श्रीधरचा चेहरा लालबुंद झाला. “घरातल्या घरात द्यायला सात टक्के? आमच्या बापाची जागा आहे, सरकारच्या बापाची नाही!” त्यानं कागद ओढून घेतले आणि तिच्यासमोर टरकन फाडले. “सात टक्के फुकट घालवायला मी वेडा नाही. अर्ध्या तासात नवीन टाइप करून आणतो, माझ्या नावे. मग किती?”

“मग नाममात्र. काही शे रुपये.”

“बघ!” मला म्हणाला, जसं काही मीच सात टक्के मागितले होते. दोन्ही साक्षीदारांना घेऊन तो बाहेरच्या टायपिस्टकडे धावला.

मी बाकावर येऊन बसले. सत्यशीला पाण्याची बाटली आणायला गेली. डोक्यात एकच आकडा घुमत होता. सात टक्क्यांसाठी माझ्या भावानं चारचौघांत कागद फाडले. मी पन्नास टक्के देणार होते, तेव्हा त्याच्या कपाळावर आठीसुद्धा आली नव्हती.

हात रिकामे होते म्हणून मी पिशवीतली साडी काढून बघितली. गर्द जांभळी, हिरव्या काठाची. चांगली होती. घडीवर मधोमध पिवळट रेघ पडली होती. नव्या साडीला अशी रेघ पडत नाही, कपाटात वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या साडीला पडते. आलेली साडी पुढे देण्यात गैर काही नाही, सगळेच देतात. मीही देते. फक्त एक काळजी घ्यायची, ज्यांच्याकडून आली त्यांच्याकडेच परत जायला नको. म्हणून घडीत चिठ्ठी ठेवायची, कुणाकडून, कधी, कशाबद्दल. आणि देताना ती आठवणीनं काढून घ्यायची.

सत्यशीला काढायला विसरली होती. पदराच्या घडीत वहीच्या कागदाचा तुकडा होता, तिच्या गोल अक्षरातला. ‘वाईचा दादा. हक्कसोड. मे २०१४.’

मी तो तीनदा वाचला. वाईला सत्यशीलाचं माहेर. तिथल्या घरातला हक्क तिनं सोडला, त्याबद्दल तिला ही साडी मिळाली. आणि आज तीच साडी माझ्या मांडीवर आली होती. मला राग आला, श्रीधरचा, तिचाही, पण सगळ्यांत जास्त शनिवारी टाळ्या वाजवणाऱ्या माझ्या हातांचा. वाईला ती गेल्या सहा वर्षांत गेलेली मला आठवत नव्हती. मग उघडं राहिलेलं ते माहेर कुठं होतं?

“काकू, या,” पूर्णिमानं हाक मारली. श्रीधर नवे कागद घेऊन धापा टाकत आला होता. सत्यशीलाही बाटली घेऊन आली. मी साडी पिशवीत घातली, चिठ्ठी मुठीत धरली आणि उठले.

मला कॅमेऱ्यासमोर बसवलं. फोटो निघाला. अंगठ्याचं यंत्र माझ्याकडे सरकवून पूर्णिमानं विचारलं, “स्वखुशीनं सोडताय ना, काकू? कुणाची जबरदस्ती नाही ना?” दिवसातून पन्नास वेळा विचारत असेल. पण ती उत्तरासाठी थांबली.

“अहो, बहीण आहे माझी,” श्रीधर हसला. “ताई, ठेव अंगठा.”

मी अंगठा उचलला. यंत्राची लाल काच पेटली होती.

“नाही,” मी म्हटलं. “स्वखुशीनं नाही.”

मागच्या बाकावरची माणसं माना वर करून बघायला लागली. श्रीधर माझ्या कानाशी वाकला. “ताई, इथं तमाशा नको. काय पाहिजे ते घरी बोलू.”

“घरी मी बोलू शकत नाही रे. घरी तुमचा पंखा असतो.” त्याला अर्थातच कळलं नाही. “शनिवारी तू म्हणालास, वारसा कर आपल्याकडे नाही. आहे. फक्त बहिणींवर आहे. शंभर टक्के. आणि तो सरकार घेत नाही, भाऊ घेतो. वर रिफंड म्हणून एक साडी.”

“कर काय, रिफंड काय! मी काय लूट करतोय तुझी?”

“लूट हा तुझा शब्द. एका टक्क्यालाही तू तोच म्हणाला होतास.”

तो ताठ उभा राहिला. त्याच्या ओठांचा कोपरा थरथरत होता, लहानपणी पट्टीचा मार खाल्ला की थरथरायचा तसा. त्याच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला मला, खोटं कशाला सांगू. “बिल्डर हातचा जाईल,” तो म्हणाला. “आणि याद राख, उद्यापासून तुझं-माझं काही नातं नाही. भाऊबीजेला माझी वाट बघू नकोस.”

“पाट मी मांडणार,” मी म्हटलं. “यायचं की नाही ते तू ठरव. बिल्डरला सांग, दोन नावांवर बोलायला ये. मला तुझ्या वाट्यातलं काही नको. माझ्या वाट्यातून दोन खोल्या हव्यात. स्वतःच्या.”

“काकू, मग रद्द करू?” पूर्णिमानं हळूच विचारलं.

“करा,” मी म्हटलं. खुर्ची मागे सरकवून उठले.

सत्यशीला भिंतीशी उभी होती, पाण्याची बाटली छातीशी धरून. मी साडीची पिशवी तिच्या हातात दिली आणि वर ती चिठ्ठी ठेवली. “ही तुझी आहे,” म्हटलं. “चुकून माझ्याकडे आली.”

तिनं चिठ्ठी वाचली. आधी कानापर्यंत लाल झाली, मग पांढरी पडली. मला वाटलं आता ही माझ्यावर ओरडणार. ती खाली बाकावर बसली आणि साडीवर हात ठेवला.

“अकरा वर्षांत घडी मोडली नाही मी हिची,” ती म्हणाली. “नेसवेचना.”

“सत्यशीला, चल,” श्रीधर दारातून म्हणाला.

ती चिठ्ठीकडे बघत होती.

“चल म्हणतोय ना!”

ती उठली नाही. तिनं थोडं सरकून बाकावर माझ्यासाठी जागा केली.