न उघडलेला फोल्डर

मित्रांनो, मी एक जुनी कळ आहे. हाताला लागणारी नव्हे, संगणकाच्या पडद्यावरची. माझ्यावर 'फोल्डर उघडा' एवढंच लिहिलेलं आहे. वर्षानुवर्षं तेच एक काम करून मी आता फार दमले आहे.

चाकणच्या एका लहान कारखान्यात मी राहते. तिथे गाड्यांच्या ब्रेकसाठी पिना बनतात. अफरीन त्या पिना मोजायची आणि मापं माझ्या प्रोग्राममध्ये भरायची. प्रोग्राम त्यांचा अहवाल जपून ठेवायचा. अहवाल पाहायचा झाला की मला दाबायचं. मग मी विंडोजवर फोल्डर दाखवणाऱ्या एक्स्प्लोररला हाक मारायची आणि अहवालांचा फोल्डर समोर उघडायचा.

मला घडवलं काळेवाडीच्या दीक्षानं. पडद्यावरच्या इंग्रजी सूचना पाहून कामगार बिचकतात, म्हणून तिनं मला बजावलं होतं, "काही बिघडलं तरी गप्प राहा." सहा वर्षं काही बिघडलंच नाही. सगळे म्हणायचे, "बटण भारी आहे राव!"

मग तो संगणक बंद पडला आणि त्याच्या जागी विंडोजऐवजी लिनक्सवर चालणारा आला. मापं भरली जात होती, अहवाल साठत होते. मला दाबून पाहावं असं कुणाला वाटलं नाही.

महिनाभरात पिनांचा एक मोठा लॉट गिऱ्हाईक कंपनीकडून परत आला. पिना बारीक निघाल्या होत्या. सुपरवायझर भीमराज सर तणतणत आले.

"अफरीन, न मोजताच माल सोडलास?"

"मोजला होता सर. बाद म्हणून शेरापण लिहिलाय. थांबा, दाखवते."

तिनं मला दाबलं. मी सवयीनं एक्स्प्लोररला हाक मारली. तो तिथे नव्हताच. लिनक्सवर फोल्डर दाखवणारा दुसराच कुणी होता आणि त्याचं नाव मला ठाऊक नव्हतं. अहवाल आपल्या जागी होता, पण मी गप्प राहिले. तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा. 

"काही नाहीये इथं," सर म्हणाले. "उद्यापासून येऊ नकोस."

तीन दिवसांनी, दुसरा कुठलाच अहवालही उघडेना म्हणून दीक्षाला बोलावलं. तिनं दुसऱ्या वाटेनं जाऊन अहवाल उघडला. 'लॉट बाद. पाठवू नये. अफरीन.' भीमराज सर ती ओळ वाचत उभेच राहिले.

"मग पाठवला कुणी?"

"ते तुम्ही शोधा सर. तिचं काही चुकलेलं नाही. चूक माझी आहे. मीच या बटणाला गप्प बसायला शिकवलं."

त्या दुपारी तिनं मला नव्यानं शिकवलं. आता मी आधी पाहते, की आपण कुठल्या यंत्रावर आहोत. विंडोजवर एक्स्प्लोररला, मॅकवर फाइंडरला, लिनक्सवर तिथं जो असेल त्याला हाक मारते. कुणीच ओ दिली नाही, तर फोल्डर कुठे आहे ते पडद्यावर मराठीत लिहून देते.

भीमराज सर स्वतः रहाटणीला अफरीनच्या घरी गेले. माफी मागितली. ती परत आली. पण येताना एक वही घेऊन आली. प्रत्येक माप ती आधी वहीत उतरवते, त्यावर सरांची सही घेते आणि मगच माझ्याकडे वळते.

मित्रांनो, उद्या तुम्ही माझ्यासारखं काही घडवाल. ते दुसऱ्याच्या यंत्रावरही चालवून पाहा, आणि अडलं तर त्याला बोलू द्या. मी आता दर वेळी फोल्डर उघडते. अफरीन तो पाहते, मान हलवते आणि पुन्हा वहीत लिहू लागते.