पुढचा ब्रेक

लोकर कातरणारी टोळी मंगळवारी येणार होती. त्याआधी सोमवारी मेंढ्या गोळा करून गोठणीला आणायच्या होत्या. नेमक्या आदल्या आठवड्यात मर्ल पार्जिटरच्या मोटरसायकलचा पुढचा ब्रेक नरम पडला. कोरड्या नाल्याच्या काठावरून उतरताना लिव्हर सरळ मुठीला टेकली. मागच्या ब्रेकवर सांभाळत तिने गाडी घरी आणली आणि शेडमध्ये लावली.

ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिल शहराच्या उत्तरेला मर्लचं मेंढ्यांचं रान आहे. नवरा गेल्यापासून सगळं तीच बघते. वय सदुसष्ट. मुलगा लिंडन मिल्ड्युराला नोकरी करतो आणि कातरणीपुरता मदतीला येतो. या वेळी तो लवकर आला होता.

"व्लाडोकडे टाकू गाडी," लिंडन म्हणाला. व्लाडो शहरातला मेकॅनिक. "मी विचारलंय त्याला. पुढच्या आठवड्याच्या शेवटी देतो म्हणाला."

"आणि सोमवारी?"

"सोमवारी तू माझ्याशेजारी पिकअपमध्ये बस."

पिकअपमध्ये शेजारी बसणाऱ्याचं काम एकच असतं: उतरून फाटक उघडायचं, गाडी पुढे गेली की लावायचं आणि पुन्हा चढायचं. आमच्याकडे हे काम पोरांना देतात, पाहुण्यांना देतात, आणि ज्यांच्या हातात आता मोटरसायकल द्यायची नाही असं घरच्यांनी आपसात ठरवलेलं असतं, त्यांना देतात. पलीकडच्या रानातला कीथ गुडघा दुखतो म्हणून एका हंगामापुरता त्या जागेवर बसला. तो अजून तिथेच बसतो. मर्लला हे ठाऊक होतं. लिंडनलाही होतं.

"ब्रेक मी करते," ती म्हणाली.

"आई, ब्रेक आहेत ते. कुंपण नाही, की तार आवळली आणि झालं."

"या पिकअपचे ब्रेक कोणी केलेत?"

"तेव्हा बाबा होते."

"बाबा वर बसून पेडल दाबायचे. गाडीखाली मी असायचे. आणि ऐक, लिव्हर घट्ट झाली नाही, तर गाडी मी स्वतः व्लाडोकडे पाठवीन. तुला सांगावं लागणार नाही."

सकाळी तिने ब्रेक ऑइलची सीलबंद बाटली फोडली. पुढच्या चाकाजवळच्या बारीक नटाला पारदर्शक नळी लावून तिचं टोक बरणीत सोडलं. लिव्हर दाबायची, नट सैल करायचा, आवळायचा, मग लिव्हर सोडायची. आधी चहासारखं काळपट तेल आलं, मग आत अडकलेल्या हवेचे बुडबुडे, मग स्वच्छ तेल. लिव्हरजवळची ब्रेक ऑइलची छोटी टाकी तिने एकदाही रिकामी होऊ दिली नाही. शेवटी लिव्हर दगडासारखी घट्ट झाली. लिंडनने दाबून पाहिली आणि बरणी उचलून बाजूला ठेवली.

मग तिने गाडी धुतली, पुसली आणि फळीवरचा तेलाचा फवारा उचलला. आमच्याकडची लाल धूळ सगळ्यात शिरते, म्हणून गंजलं, अडकलं, कुरकुरलं की हाच डबा. मेंढ्या आणायला निघण्याआधी गाडीला फवारा मारणं म्हणजे जेवणाआधी हात धुण्यासारखं. साखळीवर, केबलवर, स्टँडवर मारता मारता तिचा हात पुढच्या चाकावरूनही फिरला.

अंगणात तिने गाडी हळू चालवून पुढचा ब्रेक दाबला. लिव्हर घट्टच होती, पण गाडी थांबली नाही. मागचा ब्रेक लागेपर्यंत पुढचं चाक कोंबड्यांच्या जाळीत घुसलं होतं.

लिंडन धावत आला. "लागलं का?"

"जाळीला लागलं."

"आता तरी पटलं? लिव्हर घट्ट आहे आणि ब्रेक नाही. म्हणजे आत काहीतरी भलतंच झालंय."

मर्लने पुढच्या चाकाच्या ब्रेक डिस्कवरून बोट फिरवलं आणि त्याच्यासमोर धरलं. बोट तेलकट चकचकत होतं.

"आत काही झालेलं नाही. फवारा मारला मी. डिस्कला धरणारे पॅड तेल प्यालेत."

"तेच म्हणतोय मी. म्हणून हे काम मेकॅनिकचं."

"व्लाडोने उत्तम ब्रेक करून दिला असता. मग मी सवयीने यावर हाच डबा मारला असता आणि नाल्याच्या काठावर मला कळलं असतं. तेव्हा तू कोणाला बोलला असतास? त्याला?"

लिंडन जाळी सरळ करत राहिला.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "निस्तरणारही मीच. आणि या चाकापाशी तो डबा आता मी आणणार नाही. हे मला कोणत्या मेकॅनिकने शिकवलं असतं?"

तिने व्लाडोला फोन लावला. नवे पॅड हवेत म्हटल्यावर तो म्हणाला, "गाडीच आण ना मर्ल, मी बसवतो."

"पॅड पाठव. हात आहेत माझ्याकडे."

"तोंडही आहे," व्लाडो म्हणाला. "उद्याच्या टपालाच्या ट्रकने पाठवतो. डिस्क स्पिरिटने पूस, आणि नवीन पॅड आधी हळूहळू दाबून बसू दे."

ट्रक आला. तिने डिस्क स्पिरिटने घासली, फडकं काळं यायचं थांबेपर्यंत. जुने पॅड फेकले, नवे बसवले आणि अंगणात सावकाश फेऱ्या मारत, पुन्हा पुन्हा थांबत ते मुरवले. मग तळ्याच्या बांधावर जाऊन उतारावरून गाडी सोडली. मागच्या ब्रेकला पाय लावला नाही. गाडीचं नाक खाली दबलं आणि ती उतारातच उभी राहिली.

"मी बघू?" लिंडन म्हणाला.

"बघ की. तेच तर पाहिजे मला."

तो वरून तसाच आला, तसाच थांबला. पुन्हा वर जाऊन दुसऱ्यांदा आला, या वेळी जास्त वेगाने. उतरल्यावर त्याने चावी गाडीलाच राहू दिली. "सोमवारी जपून," एवढंच म्हणाला.

"जपूनच चालवते. म्हणून तर ब्रेक केला."

सोमवारी ऊन चढायच्या आत ती डावीकडच्या कुंपणाने निघून गेली. लिंडन पिकअप घेऊन मधल्या वाटेने निघाला. प्रत्येक फाटकाला तो स्वतःच उतरत होता. मेंढ्यांची पहिली धूळ दिसली तसा त्याने रेडिओ उचलला. आजूबाजूच्या रानांतले सगळे त्याच चॅनलवर असतात.

"आई, नाल्यापाशी पोचलीस? ब्रेक कसा आहे?"

रेडिओ खरखरला.

"नाला केव्हाच ओलांडला. आता बोलणं बंद कर आणि पिकअप उजवीकडे घे. आघाडीच्या मेंढ्या तुझ्या अंगावर येतायत, आणि तू वाटेत उभा आहेस."