तळघराचं माप

टेलरमास्तरांच्या हाताखालून अर्ध्या गावाची कंबर गेली होती, त्यामुळे लोकांची एक खोड त्यांना पाठ होती. टेप लागला की माणूस पोट आत ओढतो. पोस्टमास्तर तर श्वासच रोखून धरायचे.

"साहेब, पोट सोडा," मास्तर म्हणायचे. "टेपला फसवाल, पण जेवायला बसल्यावर बटण खरं बोलेल."

हे सगळं चालायचं घराखालच्या तळघरात. एकतीस वर्षं मशीन तिथेच होती. आता तिथे पाळणाही आला होता, कारण मुलगी सहा महिन्यांच्या बाळाला घेऊन कायमची राहायला येणार होती. बायको गेल्यापासून मास्तर भिंतींशी बोलत. भिंती कधी उलट बोलत नसत आणि मास्तरांना त्याचाच कंटाळा आला होता.

नेमक्या त्याच सुमाराला आरोग्य केंद्राच्या नर्सबाई घरोघर एकेक छोटी डबी वाटत आल्या. जमिनीतून रेडॉन नावाचा वायू येतो, त्याला ना रंग ना वास, पण बंद खोलीत साठत राहिला तर काही वर्षांनी फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो, असं त्यांनी समजावलं. "ही डबी तो वायू मोजते. तळघरात ठेवा, आठवडाभर दारं-खिडक्या बंद. आकडा शंभराच्या आत आला तर ठीक. तीनशेच्या वर गेला तर वायू बाहेर काढायचं काम करावं लागेल."

शेजारच्या बेकरीवाल्याचा आकडा पाचशे आला आणि त्याचा भाडेकरू चार दिवसांत सामान उचलून गेला. आपलाही आकडा असाच आला तर मुलगी येणारच नाही, असं मास्तरांना वाटलं. हात दाखवून अवलक्षण कोणी सांगितलंय? त्यांनी डबी खिडकीत ठेवली आणि खिडकी आठवडाभर सताड उघडी टाकली. आकडा आला चाळीस. त्यांनी तो फोनवर मुलीला दोनदा वाचून दाखवला.

मुलगी आली. बाळाला सर्दी होती म्हणून तिने आल्या आल्या तळघराची खिडकी लावली. मास्तरांनी उघडली. तिने पुन्हा लावली.

"बाबा, गार वारा येतोय."

"येऊ दे. वारा चांगला असतो."

"अहो, तो शिंकतोय!"

चोराच्या मनात चांदणं. मास्तर जिन्याच्या पायरीवर बसून बाळाचे श्वास मोजू लागले. नाक चोंदलेलं, त्यामुळे प्रत्येक श्वास ऐकू येत होता. त्यांना लाज वाटत होती आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटत होती. शेवटी त्यांच्याच्याने राहवेना.

"तो आकडा खोटा आहे," ते म्हणाले. "खिडकी उघडी होती. मी घराला पोट आत ओढायला लावलं."

मुलीला लगेच कळलं. ती याच कापायच्या टेबलाखाली खेळत मोठी झाली होती. तिने बाळाला वर नेलं, मग पाळणाही नेला. आता बॅग भरेल आणि गाडी बोलावेल, असं मास्तर धरूनच चालले. आणि थांबवायचं तरी कुठल्या तोंडाने?

पावलं परत खाली आली. तिचे दोन्ही हात मोकळे होते. तिने मशीनचं एक टोक धरलं.

"धरा तिकडून."

"मशीन कशाला? बाळ गेलं ना वर."

"एकतीस वर्षं इथे कोण बसलंय, बाबा? आधी तुम्ही वर चला. मग खिडकी लावून नवीन डबी ठेवू."

आपणही त्याच खोलीत श्वास घेतो, हे मास्तरांच्या डोक्यात आलंच नव्हतं. त्यांनी दुसरं टोक धरलं.