नोमानचा काळा पडदा

नोमानचा कॉम्प्युटर म्हणजे खदीजाची सवत होती, आणि हे ती कुणाच्याही तोंडावर सांगायची. सवत परवडली, ती निदान उलटून भांडते तरी. हा मेला नुसता काळा पडदा. ना चित्र, ना बटण. नोमान लूमवर, यंत्रमागावर विणायच्या कापडाची डिझाइनं करायचा. त्याच्या लिनक्सवाल्या मशीनवर त्यानं असला विंडो मॅनेजर बसवला होता की सगळ्या खिडक्या बोटांच्या इशाऱ्यावर नाचायच्या. पडद्यावर कुठली खिडकी कुठे बसेल ते हा प्रोग्राम ठरवतो, आणि लिनक्सवाले तो आपापल्या पसंतीनं निवडतात, एवढं तिला ऐकून ऐकून पाठ झालं होतं. माउसला तो हात लावत नसे. माउस आळशांना, म्हणायचा. मोठा शहाणाच होता.

शेवटचे चार महिने तर कहर झाला. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि घरी आला की पडून राहायचं सोडून मशीनपुढे. ती चहा घेऊन आली की पडदा बदलायचा. "काय करता एवढं?" विचारलं तर म्हणे, "विंडो मॅनेजर बघतोय. कुठला घ्यावा कळत नाही." माणसाचा जीव टांगणीला आणि याला खिडक्यांची पसंती! दोन शब्द आपल्याशी बोलावेत एवढंच तिला हवं होतं. नाही बोलला. एका सकाळी डायलिसिसला गेला, तो परत आला नाही.

खदीजा नवऱ्यामागं इद्दतीला बसली. चार महिने दहा दिवस घराबाहेर पाऊल नाही, परक्या पुरुषाशी बोलणं नाही. पण कारखान्यांना डिझाइनं हवीच होती, आणि तिला काम येत होतं. नोमाननंच शिकवलं होतं. दुसऱ्या महिन्यात ती मशीनपुढे बसली. तासभर कळा दाबल्या. खिडक्या अर्ध्या झाल्या, पाव झाल्या, नाहीशा झाल्या. शेवटी तिनं धाकट्या भावाला, अफनानला बोलावलं. तो गोदामात कॉम्प्युटरवर असतो.

"आपा, सगळं पुसून चित्रांवालं टाकतो," अफनान म्हणाला. "नाहीतर जुनं राहू दे, त्याच्या जोडीला नवं बसतं म्हणतात. विचारू कुणाला?"

"विचारायचं काय त्यात? एका लूमवर दोन डिझाइनं चालतात काय? नवं चढवायचं तर जुन्या ताण्याचे उभे धागे कापायचे. लूमवाल्यांच्या घरातला तू, तुला हे सांगायला हवं? डिझाइनं तेवढी उतरवून घे. बाकीचं काप."

राग मशीनवर नव्हताच. जाताना एक शब्द न बोललेल्या माणसावर होता. अफनाननं सगळं पुसलं. नवा पडदा आला, निळाशार, डाव्या बाजूला चित्रांची रांग. तिचं काम चालू झालं.

इद्दत संपल्यावर तिसऱ्या दिवशी अंबाडी गावाहून सागर आला. नोमानचा लिनक्समधला दोस्त. तिनं चहा ठेवला.

"भाभी, तुमची इद्दत होती म्हनून फोन पन केला न्हाय," तो अवघडून म्हणाला. "नोमानभाईनं एक काम सांगितलेलं. मला काय झालं तर खदीजाला जाऊन दाखव, बोलला. मशीन चालू केली की पासवर्डच्या पानावर कोपऱ्यात यादी येते. त्यात तुमचं नाव हाय. ते निवडायचं."

"माझं नाव?"

"तुमच्यासाठी वेगळं बनवलं ना. सहा विंडो मॅनेजर बदलले त्यानं. हा जड, तो किचकट, याची अक्षरं बारीक, भाभीला चष्मा हाय. मग एक पसंत पडला. तुम्ही उर्दू शाळेतल्या, उजवीकडनं वाचायची सवय, तुमची नजर पयली उजवीकडं जाते, म्हनून सगळी चित्रं उजवीकडनं लावली. नावं पन उर्दूत. मी बोललो, आत्ताच दाखवा की त्यांना. तर बोलला, दाखवलं तर तिला कळेल मी जायची तयारी करतोय."

चार महिने तो खदीजाशीच बोलत होता. आणि तिनं ते आपल्या तोंडानं कापायला लावलं होतं.

"याची दुसरी कॉपी असेल ना तुझ्याकडे?"

"न्हाय. या मशीनवरच होतं सगळं. का भाभी? तुम्हाला सापडलेलं का?"

तो मोठ्या आशेनं बघत होता. बिचाऱ्यानं चार महिने दहा दिवस दोस्ताचा निरोप जपून ठेवला होता.

"सापडलं," ती म्हणाली. "चांगलं जमतं मला त्यावर."

"एकदा बघू का? शेवटचं काय काय केलं ते मला पन दाखवायचं राहिलं त्याचं."

"आता लाइट नाही रे."

बाजूच्या कारखान्यात लूम धडधडत होते. डोक्यावर पंखा फिरत होता. सागरनं पंख्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. चहा अर्धा ठेवून तो उठला.

"मग परत कधी येतो, भाभी," म्हणाला, आणि चपला घालायला लागला.