पंखा काही थांबेना

आमच्या कॉम्प्युटरला बंद हो म्हटलं की तो नुसते डोळे मिटायचा. पडदा काळा व्हायचा, पण खाली डब्यातला पंखा आपला घरघर चालूच. आणि हा डबा माझ्या खोलीत, माझ्या उशाशी. दिवसभर मी पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात बसून फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकते. घरी आल्यावर मला कुणाचा आवाज नको असतो, यंत्राचा तर मुळीच नको.

"बाबा, आजही कॉम्प्युटर चालू ठेवलात," मी चपला काढता काढता म्हणायचे.

"बंद केलाय."

"मग हे काय चाललंय?"

"काही चाललेलं नाही. मशीन बंद आहे की चालू, हे तू मला शिकवू नकोस."

इथे माझं टाळकं सटकायचं, कारण हे बोलायचा हक्क त्यांना होता. बाबांची सगळी नोकरी बर्फाच्या कारखान्यात गेली, कॉम्प्रेसरवर. दारातून आत येतानाच ते सांगायचे की कुठलं बेअरिंग कुरकुरतंय, आणि उघडून बघितलं की तेच निघायचं. निवृत्त झाल्यापासून मात्र घरात नुसते येरझाऱ्या घालत होते. आईने भाजी चिरायला घेतली तरी सुरी कशी धरावी ते सांगायला हजर. आईच्या नाकी नऊ आले होते.

आणि आता कारखान्याने त्यांना परत बोलावलं होतं. नवा मोठा कॉम्प्रेसर बसवलाय, त्याच्यापाशी पाळीला एकट्यानं उभं राहील असा कानाचा माणूस हवाय, म्हणून फोरमन स्वतः घरी येऊन गेला. पुढच्या महिन्यातल्या पहिल्या सोमवारी सकाळी गाडी पाठवतो म्हणाला. त्या दिवसापासून बाबा दहा वर्षांनी लहान झाले. जुना गणवेश धुऊन, इस्त्री करून दाराच्या मागे टांगला. कारखान्याने पाठवलेले मशीनचे नकाशे माझ्या कॉम्प्युटरवर उघडून दिवस दिवस बघत बसायचे. बघून झालं की बंद करायचे. म्हणजे त्यांच्या मते बंद.

खरं सांगायचं तर माझ्या हातूनही तो बंद होत नव्हता, म्हणजे बिघाड होताच. पण बाबा तेही मानायला तयार नव्हते. डब्यावरच्या दिव्याचा उजेड डोळ्यांवर येतो म्हणून आईने त्यावर काळी चिकटपट्टी लावून टाकली होती. त्यामुळे दाखवायला माझ्याकडे पुरावा म्हणून तो आवाज तेवढा होता, आणि त्या आवाजासमोर उभं राहून हा माणूस बंद आहे म्हणत होता. काय करायचं अशा हट्टाला?

मी सगळं करून पाहिलं. झटपट सुरू होण्याची जी सोय असते ती काढून टाकली. अपडेट घातले. ते घालताना त्याने अर्धा रविवार खाल्ला आणि वर पुन्हा सुरू करा म्हणून मलाच हुकूम सोडला. बटण दाबून धरलं की थांबायचा, पण रोज असा गळा दाबून बंद करायचा म्हणजे एक दिवस तो कायमचाच जायचा. शेवटी डबा उचलून दुरुस्तीवाल्याच्या दुकानात नेला. तिथे हा गुणी बाळासारखा पहिल्या सांगण्यात बंद झाला.

"माझ्याकडे तर काहीच त्रास देत नाही," दुरुस्तीवाला म्हणाला.

घरी आणून जोडला, बंद केला. घरघर.

"आपल्याकडेच बरं याच्या अंगात येतं," आई म्हणाली.

"चांगल्या मशीनच्या मागे हात धुऊन लागलीस तू," बाबा म्हणाले. मी दातओठ खात खोलीतून निघून गेले, नाहीतर माझ्या तोंडून भलतंच काही गेलं असतं.

मग पुढच्या रविवारी दुपारी दुरुस्तीवाल्यालाच घरी बोलावलं. जाडजूड, कपाळाला सतत आठी असलेला गृहस्थ. टेबलाखाली शिरताना त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू तो डबा मीच बिघडवला. आई दारात उभी, बाबा माझ्या पलंगावर हाताची घडी घालून बसलेले, तमाशा बघायला.

"इथे याला काय काय जोडलंय?" त्याने खालून विचारलं.

"प्रिंटर आहे. माइक आहे."

"हे दुकानात आणलं होतंत का?"

नव्हतं आणलं. त्याने आधी माइकची वायर काढली, बंद करायला सांगितलं. पंखा चालूच. मग प्रिंटरची वायर उपटली आणि मी पुन्हा बंद केला. पडदा काळा झाला, पंखा एकदा घुटमळला आणि थांबला.

खोली इतकी शांत झाली की स्वयंपाकघरातल्या नळाचं ठिबकणं ऐकू आलं. माझा जीव भांड्यात पडला. आईने हुश्श केलं. दुरुस्तीवाला टेबलाखालून गुडघे झाडत बाहेर आला.

बाबा आमच्याकडे पाहत होते. "मग? कुठे काय बदललं? थांबलात कशाला?"

बाबांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग आईच्या. ते उठले, वाकले आणि डब्यावर तळहात ठेवला.

"वायर लाव परत," ते दुरुस्तीवाल्याला म्हणाले. "चालू कर."

पंखा सुरू झाला. त्यांचा हात तिथेच होता. बराच वेळ त्यांनी तो काढला नाही.

मग ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. "आम्ही नव्या पोरांना असंच तपासायचो. आता तुला वाटेल तेव्हा बंद कर, वाटेल तेव्हा चालू ठेव. मी सांगतो."

मी प्रिंटरची वायर काढली आणि बंद केला. पंखा थांबला.

"चालू," बाबा म्हणाले.

त्यांच्या पाठीमागून आई मला हाताने खुणावत होती, हो म्हण, हो म्हण. तिचे डोळे भरले होते. माझ्याही जिभेवर हो आलं होतं, सांगायला कसली लाज. पण सोमवार उद्यावर आला होता. उद्या ते त्या मोठ्या धुडापाशी एकटे उभे राहणार, आणि आत बर्फाच्या लाद्या काढणारी माणसं त्यांच्या कानाच्या भरवशावर असणार. बेअरिंग ओरडत राहील आणि हे बंद आहे म्हणतील.

"बंद आहे, बाबा," मी म्हणाले.

ते वळले नाहीत. "परत."

मी पंखा चालू केला. त्यांनी मान तिरकी करून कान लावला.

"बंद," ते हळूच म्हणाले.

"चालू आहे."

"बरं," बाबा म्हणाले आणि बाहेरच्या खोलीत जाऊन त्यांनी फोरमनला फोन लावला. आम्ही मागोमाग गेलो. "उद्या गाडी पाठवू नको," ते मोठ्याने सांगत होते. "माझे कान गेलेत. होय, कान. दुसरा माणूस बघ." पलीकडून तो काहीतरी बोलला. बाबांनी फोन या कानाचा त्या कानाला लावला, कपाळाला आठ्या घालून ऐकायचा प्रयत्न केला, आणि मग फोन माझ्या हातात दिला.

"काय म्हणतोय तो, तू ऐक."

मी फोन कानाला लावला. फोरमन हसत होता. "काका चेष्टा करतायत ना, ताई?"

"नाही," मी म्हणाले.